स्मार्ट घराचे प्रश्न : आधी बोर्ड उघडून बघा

फोनवरून दिवे, पंखे, गीझर, मोटर चालवण्याबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देत आहोत. प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. वायरमनला नेमकं काय विचारायचं आणि काय तपासून घ्यायचं, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून एवढा तपशील दिला आहे.

प्रश्न : साताऱ्यात आमचं तीस वर्षांचं जुनं घर आहे, लाकडी बोर्ड आहेत. जुनी बटणं तशीच ठेवून दिवे-पंखे फोनवर घ्यायचे आहेत. वायरमन म्हणतो, बोर्डात न्यूट्रल (विजेची परतीची वायर) नाही, जमणार नाही. एका खोलीत न्यूट्रल न लागणारं मॉड्यूल (बटणामागे बसणारा छोटा स्मार्ट स्विच) बसवलं, तर बंद केलेला एलईडी बल्ब रात्रभर मिणमिणतो.
(एक वाचक, सातारा)

उत्तर : वायरमनचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बटणाकडे फक्त फेज (वीज आणणारी वायर) येतो आणि बटणातून दिव्याकडे जातो. न्यूट्रल वरच्या वर परस्पर दिव्याला गेलेला असतो. पण त्याच बोर्डावर प्लग पॉइंट आहे का? असेल तर न्यूट्रल बोर्डात आलेला आहेच, त्याशिवाय प्लग चालणारच नाही. समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं. जुन्या फिटिंगमध्ये डावं-उजवं उलटं झालेलं बऱ्याचदा सापडतं, म्हणून नुसत्या टेस्टरवर भागवू नका. मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा आला, तर पुढे जायला हरकत नाही. हा दुसरा आकडा मोठा असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या.

जोडणी साधी आहे. मेन बंद करून मॉड्यूलच्या एलला फेज, एनला न्यूट्रल, आउटपुटला दिव्याकडे जाणारी वायर आणि एस-१, एस-२ ला जुनं बटण. असं केलं की भिंतीवरचं बटणही चालतं आणि फोनही. बटण काढून टाकू नका. घरात पाहुणा आला, वायफाय बंद पडलं, तर त्याला दिवा लावता आला पाहिजे. तुमच्या लाकडी बोर्डाचा एक फायदाही आहे: आत जागा भरपूर असते आणि लोखंडी पेटीसारखं ते वायफाय अडवत नाही.

प्लग पॉइंट नसलेल्या बोर्डात अर्थिंगची वायरच न्यूट्रल म्हणून जोडून देणारे भेटतात. ते चालतं, आणि म्हणूनच ते फार घातक आहे. मॉड्यूलला लागणारा करंट इतका थोडा असतो की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) पडेलच असं नाही. पुढे कधी अर्थिंगची वायर मध्येच तुटली, की त्या मॉड्यूलमधून वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर करंट उतरतो. तसं कुणी केलं असेल तर आजच काढायला लावा. शेजारच्या खोलीच्या सर्किटचा न्यूट्रलही उसना घेऊ नका. त्याच बोर्डाच्या सर्किटचा नवा न्यूट्रल पाइपातून ओढून घेणं, हाच उपाय.

आता मिणमिणणारा बल्ब. न्यूट्रल न लागणारं मॉड्यूल स्वतः जिवंत राहण्यासाठी बल्बमधूनच थोडा करंट सतत सोडतं. जुन्या पिवळ्या बल्बला तो जाणवायचा नाही; एलईडीच्या आतला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) मात्र तेवढ्यानेही हळूहळू भरतो आणि बल्ब क्षणभर उजळतो. हा करंट बल्बला टाळून नेणारा बायपास कपॅसिटर मिळतो, बऱ्याचदा मॉड्यूलच्या खोक्यातच असतो. तो बोर्डात नाही, तर दिव्याच्या होल्डरपाशी, दिव्याला समांतर बसवायचा.

पंख्यासाठी पंख्याचंच मॉड्यूल घ्या. दिव्याच्या डिमरवर पंखा लावला तर तो गुंगुं करतो आणि तापतो. बीएलडीसी (कमी विजेवर चालणारा, बहुधा रिमोटचा) पंखा असेल तर त्याच्या वाटेत कुठलाही रेग्युलेटर ठेवू नका, त्याचा वेग त्याच्या स्वतःच्या सर्किटमध्ये बदलतो.

प्रश्न : स्मार्ट प्लगवर १५ लिटरचा गीझर लावला. महिन्याभरात प्लग काळा पडून वितळल्यासारखा झाला. प्लगवर १० अँपिअर लिहिलेलं होतं. वस्तू खराब होती का?
(गृहिणी, मिरज)

उत्तर : वस्तू खराब असेलच असं नाही, जागा चुकली. दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर घेतो. दहाच्या प्लगवर पावणेनऊ कागदावर बसतं, पण अर्धा-अर्धा तास सलग एवढा करंट गेला आणि त्यात सॉकेटची पकड सैल असली, की पिनेपाशी उष्णता साचते. काळं पडणं नेहमी पिनेपासून सुरू होतं. काळं झालेलं सॉकेटही बदला. नवा प्लग त्यातच लावलात तर तोही जाईल.

१६ अँपिअरचाच स्मार्ट प्लग किंवा स्विच घ्या. तीन हजार वॉटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर घेतो, त्याच्यासाठी कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेलणारा, विजेने ओढला जाणारा स्विच) बसवणं चांगलं: छोटं स्मार्ट मॉड्यूल फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढतं आणि गीझरचा करंट कॉन्टॅक्टरमधून जातो. वायर किमान २.५ चौरस मिलिमीटर, तीन हजार वॉटला ४ घ्या.

अॅपमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ अशी सेटिंग असते. ती ‘बंद’वर ठेवा. सकाळी गीझर चालू असताना लाईट गेली, तुम्ही गावाला निघून गेलात आणि दुपारी लाईट आली, तर तो आपोआप चालू होता कामा नये. वेळ लावताना हिशोब असा: १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला दोन हजार वॉटला साधारण २१ मिनिटं लागतात आणि पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी वीज. आंघोळीच्या आधी अर्धा तास पुरे. रात्रभर चालू ठेवून काही साधत नाही.

प्रश्न : विहिरीवर पाच एचपीची थ्री फेज मोटर आहे. वीज कधी रात्री, कधी दिवसा. मोबाइल स्टार्टर बसवलाय, पण दोन हंगामांत मोटर दोनदा जळाली. स्टार्टर बदलू का?
(द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका)

उत्तर : स्टार्टर बदलायच्या आधी त्यातले आकडे बघा. बसवून देणारे बहुतेक वेळा कारखान्याची सेटिंग तशीच ठेवून जातात, आणि मोटर जळते ती तिथेच.

विहिरीत भरपूर पाणी असताना मोटर चालू करून तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने मोजा. पाच एचपीला साधारण साडेसात ते नऊ अँपिअर येईल. पण पुस्तकातला आकडा नको, तुमच्याच मोटरचा हवा. समजा आठ आला. मग ओव्हरलोडचा आकडा (करंट त्यापुढे गेला की मोटर बंद) साडेनऊच्या आत ठेवा. ड्राय रनसाठी साडेपाचच्या आसपास: विहिरीचं पाणी तुटलं की मोटर मोकळी फिरते, करंट खाली येतो आणि स्टार्टरने तो ओळखून मोटर बंद करायची असते. इथे कारखान्याचा तीनचा आकडा राहिला, तर पाणी नसतानाही मोटर तासभर फिरत राहते. बंद झाल्यावर पुन्हा चालू व्हायची वेळ झऱ्याकडे बघून ठरवा. पाणी भरायला दोन तास लागत असतील तर अडीच तास ठेवा. दर दहा मिनिटांनी प्रयत्न करणारा स्टार्टर मोटरीचे हालच करतो.

दुसरी सेटिंग वीज आल्यानंतर थांबायच्या वेळेची. एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी ऑटोवर असल्या की वीज येताच एकदम उठतात. सुरू होताना प्रत्येक मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, व्होल्टेज बसतं आणि मोटर नुसती गुंगुं करत तापते. शेजाऱ्यांशी बोलून घ्या. तुम्ही ६० सेकंद, पलीकडचे ९०, त्यापुढचे १२० ठेवा. यात पैसा लागत नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून करायची ही गोष्ट आहे, आणि कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा ती जास्त मोटरी वाचवते.

पेटीही उघडून बघा. उबेला पाली आणि मुंग्या आत शिरतात. कॉन्टॅक्टरच्या पट्ट्यांमध्ये मुंग्या चिरडल्या की एका फेजचा टेक नीट बसत नाही, मोटर दोन फेजवर चालते आणि जळते. केबल आत जाते त्या भोकांना ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावा, उरलेल्या फटी बंद करा. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा भाग) चालू आहे ना, हे एका फेजचं किटकॅट (फ्यूज) काढून तपासता येतं. स्टार्टर लगेच पडला पाहिजे.

अँटेना लोखंडी पेटीच्या बाहेर हवी. स्टार्टर फक्त २जीवर चालणारा असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही. सिमचा रिचार्ज संपला म्हणून मोटर बंद करता आली नाही, हेही नेहमी घडतं.

आणि एक विनंती. मोटरीला, पाइपला, ठिबकच्या फिल्टरला हात लावायच्या आधी तिन्ही किटकॅट काढून खिशात ठेवा. घरातलं दुसरं कुणी फोनवरून मोटर चालू करेल, त्याला तुम्ही विहिरीत उतरलेले दिसणार नाही.

प्रश्न : गॅस गळतीचा सेन्सर स्वयंपाकघरात वर, चिमणीजवळ लावलाय. गळती झाली की एक्झॉस्ट फॅन आपोआप चालू व्हावा अशी जोडणी करून घ्यायची आहे.
(एक वाचक, वाई)

उत्तर : दोन्ही बदला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो फरशीवर पसरतो. सेन्सर जमिनीपासून सुमारे एक फूट उंचीवर, सिलिंडरच्या जवळ, पण धुण्याच्या पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत असा हवा. एक्झॉस्टची जोडणी तर अजिबात करू नका. साध्या पंख्याच्या रिलेत आणि बटणात ठिणगी पडते. गॅस साचलेला असताना तेवढी पुरते. सेन्सरने फक्त भोंगा वाजवावा आणि फोनवर निरोप द्यावा. रेग्युलेटर बंद करणं, दारं-खिडक्या उघडणं आणि कुठलंही बटण चालू किंवा बंद न करता बाहेर जाऊन १९०६ ला फोन करणं, ही कामं माणसानेच करायची. सेन्सर साधारण पाच वर्षांनी थकतो. बसवल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा.

प्रश्न : लाईट जाऊन आली की स्मार्ट बटणं दहा-दहा मिनिटं ‘ऑफलाइन’ दाखवतात. नवा राउटर घेतला तर सगळं पुन्हा जोडावं लागेल का?
(एक वाचक, कराड)

उत्तर : राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. फायबर असेल तर त्याच्या डब्यालाही लावा, नाहीतर वायफाय राहतं आणि नेट जातं. नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, सगळी बटणं आपोआप ओळखतात. बहुतेक बटणं वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवरच चालतात, तेव्हा तो बँड बंद करू नका. पुढची खरेदी करताना खोक्यावर ‘मॅटर’चं चिन्ह बघा. २०२२ साली आलेल्या या मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू घरातल्या घरात, इंटरनेट नसतानाही एकमेकींशी बोलतात.

प्रश्न : सांगलीत नदीजवळ राहतो. तळमजल्यावर पाणी शिरलं तर वीज आपोआप बंद करणारं काही बसवता येईल का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : बसवता येतं, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. कृष्णेचं पाणी सांगलीत अचानक येत नाही. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. म्हणजे मेन हाताने बंद करायला वेळ मिळतो. पैसे घालायचे ते फिटिंगमध्ये घाला: तळमजल्याचं सर्किट वेगळं, त्याचा आरसीसीबी वेगळा, आणि तो बोर्ड वरच्या मजल्यावर. इन्व्हर्टर, बॅटरी, राउटर, कॅमेऱ्याचं रेकॉर्डर हेही वरच. मग खालचं बंद करूनही वर दिवा आणि फोन राहतो.

पूर ओसरल्यावर बुडालेले स्विच, एमसीबी, आरसीसीबी, मॉड्यूल वाळवून पुन्हा वापरू नका. आत गाळ बसलेला असतो. दिसायला ती स्वच्छ होतात आणि ऐन गरजेच्या वेळी वीज तोडत नाहीत. भिंतीतल्या वायरी वाळल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासून घ्या. एक मेगाओहमपेक्षा कमी आला तर वायर बदलायची.

प्रश्न : घराचं बांधकाम चालू आहे, पुढच्या आठवड्यात पाइप टाकायला घेणार. आत्ता स्मार्ट वस्तू घ्यायचं बजेट नाही. पुढच्या वीस वर्षांसाठी काय करून ठेवू?
(एक वाचक, विटा)

उत्तर : अगदी वेळेवर विचारलंत. वस्तू दर पाच-सात वर्षांनी बदलतील, भिंती बदलणार नाहीत. प्रत्येक बटणाच्या पेटीत न्यूट्रल आणि अर्थिंग ओढून घ्या, पेट्या शक्य तितक्या खोल घ्या. पाइप १९ ऐवजी २५ मिलिमीटरचे टाका. विजेची आणि नेटची वायर एका पाइपात घालू नका. कॅट-६ (नेटची) वायर टीव्हीमागे, प्रत्येक मजल्याच्या छताला राउटरसाठी एकेक, आणि कॅमेऱ्याच्या जागी. फाटकापर्यंत एक मोकळा पाइप, आत ओढायची दोरी घालून. गच्चीवरच्या टाकीपासून हौदाच्या मोटरीपर्यंत दुसरा, म्हणजे पाण्याच्या पातळीचा फ्लोट नंतर बसवता येईल. सोलरसाठी गच्चीवरून मीटरपर्यंत तिसरा. गाडी उभी करायच्या जागी ६ चौरस मिलिमीटरची वायर, पुढे ३२ अँपिअरचा चार्जर लावता येतो.

डीबी (एमसीबी बसवायची मुख्य पेटी) मोठा घ्या, त्यात सहा जागा रिकाम्या ठेवा. वळवाच्या विजांसाठी त्यात सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेलं व्होल्टेज जमिनीत सोडणारं यंत्र) बसवा. तो चांगल्या अर्थिंगशिवाय निरुपयोगी असतो, म्हणून अर्थिंगचा खड्डा आधी.

प्लास्टर होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला टेप लावून, कोपऱ्यापासून आणि फरशीपासूनचं अंतर दिसेल असे फोटो काढा. त्यांच्या प्रिंट घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. फोन तोपर्यंत चार वेळा बदललेला असेल.