बोटाला लावलेल्या क्लिपवर ऑक्सिजन ९८, तरी डॉक्टर म्हणतात शरीराला ऑक्सिजन कमी पडतोय. असं कसं?

तुमच्या आईंचं हिमोग्लोबिन ५ आहे असं तुम्हीच लिहिलंय, उत्तर तिथेच आहे. मी आयसीयूत सिस्टर आहे. हा प्रश्न नातेवाईक सारखा विचारतात.

रक्तात जे काही हिमोग्लोबिन आहे, त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय, एवढंच ती क्लिप सांगते. मुळात ते आहे किती, हे तिला कळत नाही. उन्हाळ्यात गावात येणारे टँकर आठवा. सगळे काठोकाठ भरलेले, पण पंधराऐवजी पाचच आले. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. १५ ग्रॅम असेल तर १०० मिली रक्तात वीसेक मिली, ५ असेल तर सातसुद्धा नाही. मास्कने ९८चे १०० होतील, त्यापुढे फारसं काही नाही. (म्हणून मास्क काढा असं भांडू नका.) खरी गरज बहुधा रक्ताच्या पिशवीची असते. असे पेशंट निळेही पडत नाहीत. निळेपणा दिसायला १०० मिलीत साधारण ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असावं लागतं, आणि यांच्याकडे एकूणच तेवढं!

शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोसळतं तेव्हा, टँकर बऱ्याचदा पुरेसे असतात, रस्ता बंद असतो. तिथे मी मॉनिटरच्या आधी पेशंटचं नख दाबून सोडते. दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. पांढरंच राहिलं, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसली, युरीन बॅगेत तासाभरात चमचाभरच जमलं, की मी डॉक्टरांना फोन करते. मग एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) जाते आणि सगळ्यांचे डोळे लॅक्टेटकडे, म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की पेशींतून रक्तात वाढणाऱ्या पदार्थाकडे. ते २च्या वर चढत चाललं तर पेशी उपाशी असल्याची शंका घ्यायची.

सगळ्यांत फसवा प्रकार गॅस गिझरचा. बंद बाथरूममधून बेशुद्ध आणलेली एक मुलगी आठवते, क्लिपवर ९९. गिझरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो, आणि साध्या क्लिपला दोन्ही सारखेच दिसतात. तिला मात्र ९९ असूनही लगेच पूर्ण ऑक्सिजन लावला.

उद्या राउंडला डॉक्टर आले की ९८ राहू द्या बाजूला. हिमोग्लोबिन इतकं कशाने उतरलं, कुठून रक्त जातंय का आणि लॅक्टेट किती आहे, ते विचारा. आणि आईंच्या बोटाला नेलपॉलिश असेल तर आधी पुसा.