आजींना ‘अकरा नंबर’ म्हटलं त्या रात्री

तू लिहिलंस, चार वर्षं आयसीयूत नर्स म्हणून काढल्यावर आता नातेवाइकांनी तेच तेच विचारलं की चीड येते, घरी आईशीही बोलवत नाही, आपण निर्दयी झालोय असं वाटतं, नोकरी सोडू का? अगं, मी इथे इंदुरातच सव्वीस वर्षं नर्सिंग करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी सलग सहावी रात्रपाळी होती. रामबागेतल्या एक आजी ॲडमिट होत्या. उशीची खोळ बदलताना मी म्हटलं, “अकरा नंबर, मान उचला.” त्या हळूच म्हणाल्या, “मला नाव आहे गं बाळा.” खोळ हातातच राहिली. मला त्यांचं नाव आठवेना.

हा कोरडेपणा थकव्याचंच लक्षण आहे, हे मला फार उशिरा कळलं. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये बर्नआउट, म्हणजे कामानं आतून थकून जाणं, मोजायची प्रश्नावली केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: मन रितं होणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडं होणं आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. तुझ्या पत्रात तिन्ही आहेत. तू निर्दयी असतीस तर हे तुला टोचलंच नसतं.

माझं चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. पेशंट गेला की ‘अजून काय करता आलं असतं’ याचा हिशेब मी रात्रभर मांडायची. तिथे खरं तर रडून घ्यायला हवं होतं, कुणाशी तरी बोलायला हवं होतं. आणि ड्यूटी चार्ट, जो बदलता येत होता, त्याबद्दल मात्र ‘जाऊ दे’ म्हणून गप्प. शेवटी तीन महिन्यांचे चार्ट घेऊन आम्ही सगळ्याजणी मेट्रनकडे, म्हणजे नर्सच्या प्रमुखांकडे, गेलो. सलग तीनच्या वर रात्री नकोत, एवढंच मागितलं. दोन महिने लागले, पण मिळालं. वॉर्डात कुणी गेलं की ड्यूटी सुटल्यावर आम्ही दोघी-तिघी स्टँडवर गाडीपाशी थांबून बोलतो. आधी गेलेल्या माणसाला नावानं आठवतो, मग घरी.

राजीनामा लगेच देऊ नकोस. आधी आठवडाभर सुट्टी घे. दोन आठवडे झोप नाही, जेवण नको, कशातच मन नाही असं असेल तर मात्र सुट्टीवर भागवू नकोस, डॉक्टरांना भेट. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. आणि या महिन्याचा चार्ट काढून सलग रात्री किती आहेत ते मोज, मला लिही.