फॉरमॅट मारण्याआधी

प्रश्न : खानापुरात आमचं लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करून देण्याचं दुकान आहे. पावसात वीज गेली. आल्यावर कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकला. ‘बूट कॉन्फिगरेशन डेटा नाही किंवा त्यात चुका आहेत’ असं दाखवतो. विंडोज १०, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बेळगावचा दुरुस्तीवाला फॉरमॅट मारू म्हणतो. श्रीलिपी, नुडी ही टायपिंगची सॉफ्टवेअर, पत्रिकांचे जुने साचे सगळं त्यातच आहे. बूट पार्टिशन (विंडोज सुरू करणारा डिस्कचा छोटा भाग) दुरुस्त करून भागेल का?

उत्तर : डिस्क धडधाकट असेल तर बहुधा भागेल. हा संदेश दाखवणारा प्रोग्रॅमच बूट पार्टिशनमध्ये असतो. म्हणजे पार्टिशन निदान वाचता येतंय, बिघाड त्यातल्या नोंदींचा असावा.

पण आधी डिस्क. टकटक आवाज, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) ती कधी दिसणं कधी न दिसणं, ही लक्षणं असतील तर दुरुस्तीच्या वाटेला जाऊ नका आणि विंडोजची डिस्क-तपासणी ‘चेकडिस्क’ तर मुळीच चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला ते फार जड जातं. काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि डेटा उतरवून घ्या.

आवाज नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये विंडोजचा सेटअप तयार करून त्यावरून मशीन सुरू करा. पहिल्याच पडद्यावर शिफ्ट-एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. तिथे ‘नोटपॅड’ टाइप करून फाइल-ओपनमध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा. साचे तिथूनच कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर चिकटवता येतात. हे उरकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग त्याच काळ्या खिडकीत ‘डिस्कपार्ट’, ‘लिस्ट डिस्क’ टाइप करा. जीपीटीखाली (ही डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) तारा असेल तरच पुढचं लागू; नसेल तर जुन्या पद्धतीचं मशीन, त्याची रीत वेगळी. ‘लिस्ट व्हॉल्यूम’मध्ये फॅट३२ची साधारण १०० एमबीची ओळ शोधा. पेनड्राइव्हही फॅट३२च असतो, घाईत तोच निवडला जातो, म्हणून आकार बघा. ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’ आणि तो क्रमांक, ‘असाइन लेटर=एस’, ‘एक्झिट’. शेवटी बूटच्या फाइल्स नव्याने बसवणारी आज्ञा, ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’. इथे विंडोजचं ड्राइव्ह सी नसून डी किंवा ई निघू शकतं. आधी ‘डीर सी:’ करून विंडोजचं फोल्डर दिसतंय ना ते पाहा.

व्हिडिओंमधलं ‘बूटरेक /फिक्सबूट’ अशा मशीनवर बरेचदा ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणून थांबतं. त्यात वेळ घालवू नका. बीसीडीबूटनेही फाइल्स कॉपी होत नसतील तरच एस: फॅट३२मध्ये फॉरमॅट करून एकदा पुन्हा चालवा, मशीनवर लिनक्स असेल तर त्याचा बूटलोडर मात्र जाईल. तरीही अडलं तर नवी एसएसडी घालून तिच्यावर विंडोज बसवा आणि जुनी डिस्क तशीच ठेवा.

प्रश्न : निपाणीहून विचारतो. ही १०० एमबीची पार्टिशन काढून जागा मोकळी करू का?

उत्तर : नको. १०० एमबीत काय मावणार, आणि मशीन मात्र सुरूच होणार नाही.