समुद्रात कापलेला पाय आणि रात्रीचं ओलित

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर उद्यावर ढकलावंसं वाटलं नाही. इतरांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. हे सगळं घर चार दिवसांसाठी अंदमानला गेलं होतं. शहीद द्वीपवर, म्हणजे २०१८ पर्यंत ज्याला नील म्हणायचे त्या बेटावर, भरतपूरच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी यांचे बाबा अनवाणी पाण्यात उतरले आणि कोरलवर, म्हणजे प्रवाळावर, तळपाय कापला. तिथल्या सरकारी दवाखान्यात जखम धुऊन पट्टी करून दिली. आता गावी परतून आठवडा झाला. जखमेच्या कडा लाल आहेत, पाणी येतं, पाय थोडा सुजलेला आहे. बाबांचं वय बासष्ट, शुगर आहे, आणि जखम दुखत नाही. ते म्हणतात, "काही नाई होत बा, अशे लय काटे रुतले." हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, पंपाची लाइन रात्रीची आहे, आणि ते वावरात जायला निघाले आहेत. घरीच हळद-तेल लावून चालेल का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय पुढच्या महिन्यात बहीण आणि जावई तिकडेच जाणार आहेत.

हळदीने चालणार नाही. बाबांना आज ओलितावर जाऊ देऊ नका आणि उद्या सकाळी डॉक्टरांना पाय दाखवा. बाकीचं सगळं यानंतर.

मी ग्रामीण रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. नोकरीतला बराच काळ ड्रेसिंगच्या खोलीत गेला. शेतकऱ्याचे पाय मी फार जवळून पाहिले आहेत. विळ्याने कापलेले, बाभळीचा काटा आत मोडलेले, टाचेच्या भेगेत शेणमाती बसलेले. त्यामुळे तुमच्या प्रश्नातल्या दोनच गोष्टींवर माझी नजर अडकली: शुगर आहे, आणि दुखत नाही.

आठवडाभर जुनी, लाल झालेली, पाणी येणारी जखम दुखायलाच पाहिजे. ती दुखत नसेल तर जखम बरी होत आहे असं समजू नका. बरीच वर्षं शुगर असली की पायाच्या नसा मंदावतात आणि दुखणं मेंदूपर्यंत पोचतच नाही. आज रात्री घरी एक साधी तपासणी करा. बाबांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट नि करंगळी यांच्या टोकांना तुमच्या बोटाने हलकेच दोनेक सेकंद स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी त्यांना हात लागल्याचं कळलं नाही, तर पायाची जाणीव कमी झाली आहे असं धरून चाला आणि डॉक्टरांना तसं सांगा. अशा पायाचं "दुखत नाही" ऐकून कधीच निश्चिंत व्हायचं नसतं.

आता कोरलबद्दल. प्रवाळ म्हणजे दगड नाही. वरून दगडासारखा कडक सांगाडा, तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्याच जातीचा, आणि त्यावर जिवंत प्राण्यांचा मऊ, चिकट थर. पाय घासला की सांगाड्याचे बारीक कण आणि तो चिकट थर दोन्ही जखमेत जातात. कण मोडून आत राहतात, वरची कातडी जुळून येते आणि आतून जखम धुमसत राहते. म्हणूनच कोरलची जखम दिसायला खरचटल्यासारखी असली तरी बरी व्हायला आठवडे घेते. बेटावर पहिल्या दिवशी कितीही नीट धुतली असली तरी एखादा कण राहून जाऊ शकतो, त्यात तिथल्या दवाखान्याला दोष देण्यासारखं काही नाही. हे कण चुन्याचे असल्यामुळे पुरेसे मोठे असतील तर एक्स-रेमध्ये दिसतात. तेव्हा एक्स-रे काढावा का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि दवाखान्यात पाय ठेवल्याबरोबर पहिलं वाक्य हे असू द्या: "डॉक्टरसाहेब, समुद्राच्या पाण्यात कोरलने कापलं आहे, शुगर आहे." आपल्याकडे समुद्र शेकडो कोसांवर. ओपीडीत रोज पन्नास पायांच्या जखमा येतात, त्या सगळ्या वावरातल्या. तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टरांनी समुद्राचा विचार का करावा? समुद्राच्या पाण्यातले जंतू वेगळे असतात आणि साध्या जखमेला देतात त्या नेहमीच्या गोळ्या त्यांना पुरतीलच असं नाही. त्यातला व्हिब्रिओ नावाचा जंतू शुगर किंवा लिव्हरचा आजार असलेल्या माणसाला फार लवकर घेरतो. एक-दोन दिवसांत पाय भराभर सुजतो, काळपट-जांभळे फोड येतात, ताप चढतो. तुमच्या बाबांना आठवडा उलटून गेला आहे, त्यामुळे या जंतूची भीती आता कमी. पण दुसरा एक जंतू अगदी सावकाश चालतो. जखम भरल्यासारखी वाटते आणि काही आठवड्यांनी त्या जागी घट्ट गाठ उठते किंवा न भरणारा व्रण होतो. त्याचे उपचार महिनोन्महिने चालतात. म्हणून पुढचे दोन-तीन महिने त्या जागेवर लक्ष ठेवा आणि तेव्हा डॉक्टर बदलला असेल तर त्यांनाही समुद्राची गोष्ट सांगा. गोळी कोणती, किती दिवस, हे मी इथे सांगणार नाही. मेडिकलवरून परस्पर आणूनही देऊ नका. जमलं तर जखमेतला पू आधी तपासायला घ्यावा आणि मग गोळी सुरू करावी.

धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. बेटावर दिलं का, ते चिठ्ठीवर बघा. आता टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते. आपल्या घरांमध्ये मी नेहमी एक फरक पाहिला. बायकांना बाळंतपणाच्या वेळी ही इंजेक्शनं मिळालेली असतात. तुमच्या बाबांच्या वयाच्या पुरुषांना लहानपणी लसच मिळाली नाही, कारण लहान मुलांच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रमच १९७८ मध्ये सुरू झाला. पुढेही कधी पत्रा लागला म्हणून एखादं इंजेक्शन घेतलं, एवढंच. पूर्ण मात्रा झाल्या नसतील तर डॉक्टर टीडीबरोबर तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही देतात. तेव्हा "कधी घेतलं ते आठवत नाही" हे स्पष्ट सांगा, अंदाजाने "हो, घेतलं होतं" म्हणू नका.

आणि यामुळेच मी ओलिताबद्दल एवढी अडून बसले आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. उघडी जखम घेऊन रात्रभर ओल्या काळ्या मातीत उभं राहायचं, अंधारात पायाला काही लागलं तरी कळायचं नाही, पट्टी भिजून चिखलाने भरायची. गमबूट घातले तरी आत घाम आणि पाणी साचून कातडी पांढरी पडते, जखम कुजते. पिकाचा जीव पाण्यावर आहे हे मला कळतं. मी वावर असलेल्या घरातच नांदले. पण हे पाणी तुम्ही स्वतः द्या, शेजाऱ्याला सांगा, नाही तर मजुरी देऊन माणूस लावा. बाबांना खाटेवर पाय उंच करून बसू द्या. गोठ्यातलं कामही काही दिवस दुसऱ्याने करावं. त्यांना वाईट वाटेल, चिडतील. चिडू द्या.

मी पुढे सांगते त्यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रात्रीच गाडी काढा. लाली जखमेपासून वर पसरत चालली, पायावर लाल रेघ चढली, जांघेत अवधान (गाठ) आलं, थंडी वाजून ताप आला, फोड आले, कातडी काळी पडली, घाण वास आला, किंवा शुगर एकाएकी वाढून उतरेनाशी झाली. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा, म्हणजे पसरते की नाही यावर घरात वाद होणार नाही. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवलं तर ऐका. यवतमाळ, अमरावती, सेवाग्राम, नागपूर यांपैकी जे जवळ असेल तिथे सर्जन आहेत. मधुमेही पाय अर्ध्या दिवसाच्या उशिरानेही जाऊ शकतो, हे मी पाहिलं आहे.

घरच्या ड्रेसिंगचं एवढंच. स्वच्छ पिण्याचं पाणी आणि साबण, हलक्या हाताने भरपूर धुणं, कोरडं करणं, वर जाळीची पट्टी. हळद, चुना, तंबाखू, बिडीची राख, गाडीचं ऑइल यातलं काही नको. आणि कृपा करून घरचा कापूस जखमेत दाबू नका. आपल्या जिल्ह्यांत कापूस हाताशी असतो म्हणून प्रत्येक जण तोच लावून येतो, आणि मग त्याचे तंतू जखमेला असे चिकटतात की ते एकेक काढताना पेशंटही रडतो आणि काढणाऱ्याचाही जीव तुटतो. बाबांनी स्वतःच्या तळव्याकडे वाकून बघण्यापेक्षा तुम्ही रोज उजेडात बघा. दुसरा पायही बघा.

आता बहीण आणि जावयांचं. त्यांनी जाणं रद्द करू नये. मी गेले आहे, फार सुंदर आहे ते सगळं, आणि सेल्युलर जेल तर प्रत्येकाने पाहावं. फक्त पाण्यात पाय टाकायच्या आधी पायात बूट हवेत. घट्ट बसणारे, मागून बंद आणि जाड रबरी तळाचे. चप्पल किंवा सॅन्डल पाण्यात निघून जाते आणि खडी आत शिरते. कोरलवर उभं राहू नये, हातही लावू नये. आपल्याला लागतं आणि ते जीवही मरतात. कडक कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात येतात, त्यामुळे किनाऱ्यावरचा तुकडा आठवण म्हणूनही उचलून आणायचा नाही. सोबत शुगरवाले सासू-सासरे असतील तर त्यांना भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटीत बसवावं. कोरल दिसतं, पाय कोरडा राहतो.

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढतं-उतरतं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर घरूनच बघून निघता येतं. ओहोटीत कोरल उघडं पडतं आणि लोक त्यावरून चालायला लागतात. पाय तेव्हाच कापतात. शिवाय ती बेटं आपल्या फार पूर्वेला आहेत, डिसेंबर-जानेवारीत पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. साडेचारनंतर खडकात उतरूच नये.

काळे लांब काटेवाला समुद्री साळू (सी अर्चिन) पायात रुतला तर काटे उकरत बसू नये. पाय हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवला की वेदना उतरते. पण शुगरवाल्याचं पाणी दुसऱ्याने हात घालून बघायचं, नाही तर त्याचा पाय भाजेल आणि त्याला कळणारही नाही.

हाड मोडलं तर काय, हे मला घरच्या अनुभवाने माहीत आहे. शहीद द्वीपवरच नैसर्गिक पूल बघायला जातात, तिथे ओल्या शेवाळलेल्या खडकावरून आमचे हे घसरले आणि हात टेकल्यामुळे मनगट मोडलं. मी आधी त्यांची अंगठी काढली, कारण थोड्या वेळाने बोट सुजून ती निघत नाही. वर्तमानपत्राची जाड घडी मनगटाखाली बांधली, ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवला. बोटं गार किंवा निळी पडत नाहीत ना, हे दर थोड्या वेळाने बघत राहिले. लहान बेटांवर दवाखाने आहेत, पण मोठ्या तपासण्या आणि ऑपरेशनसाठी पोर्ट ब्लेअरलाच यावं लागतं. २०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम आहे. तिथलं गोविंद बल्लभ पंत रुग्णालय हे मोठं सरकारी रुग्णालय. प्रवासी बोटी दिवसाच्याच असतात, म्हणून संध्याकाळी लागलं तर रात्र बेटावर काढावी लागू शकते. आम्हीही काढली. दुखण्याच्या गोळ्या, जाळीच्या पट्ट्या, चिमटा, निर्जंतुक द्रावण आणि रोजची औषधं दोन दिवसांची जास्त, एवढं पिशवीत असलं म्हणजे ती रात्र निघते.

ताज्या प्लास्टरने विमानात बसायचं असेल तर कंपनीला आधी कळवावं. प्लास्टर घालून ४८ तास झाले नसतील तर ते सहसा उभं चिरून घ्यायला सांगतात, कारण आत सूज वाढली तर रक्त अडतं. डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत हवी. व्हीलचेअर आधी सांगितली की मिळते, लाजू नये. आणि शक्य असेल तर परतीच्या विमानाच्या आदला पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरलाच ठेवावा, बेटावरून त्याच सकाळी येण्याचा बेत करू नये. आयुष्मान कार्ड असेल तर सोबत न्यावं. ते योजनेतल्या कोणत्याही राज्यातल्या रुग्णालयात चालतं, पण भरती व्हावं लागलं तरच. साध्या पट्टीला नाही.

उद्या दवाखान्यात जाताना बेटावरची चिठ्ठी आणि शुगरचे मागचे रिपोर्ट घेऊन जा, उपाशीपोटीची शुगर सकाळीच करून घ्या. डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा. मी दुपारनंतर बघेन.