तयार किट नको, संपणाऱ्या वस्तूंवर पैसे घाला

तुमचा प्रश्न असा: गोव्यातल्या वाळपईजवळच्या वाड्यांवरची चार-पाच वर्षांची मुलं पावसात अंगणवाडीपर्यंत पोचत नाहीत, घरीच असतात. आईवडील मजुरीला, सोबतीला आजी नाहीतर थोरली बहीण. त्यांना बाजारातलं शैक्षणिक किट वाटावं, की संच आपणच जुळवावा?

आपणच जुळवा. तयार किटात प्लास्टिकची अक्षरं, फ्लॅशकार्डं आणि गिरवायच्या वह्या भरलेल्या असतात. अक्षरं चार दिवसांत खाटेखाली जातात आणि वही भरली की खेळ खलास. मुलाला रोज हवा असतो कोरा कागद, जाडे मेणखडू, गोंद आणि बोथट टोकाची कात्री. या वस्तू विकतच आणाव्या लागतात आणि हातावर पोट असलेल्या घरात नेमक्या त्याच नसतात. मोजायला, जुळवायला, वेगळं करायला जे लागतं ते आपल्याकडे परसात पडलेलं असतं.

एक फरक आधी लक्षात घ्या. अंगणवाडीत पाच कात्र्यांवर वीस मुलांचं भागतं, घरी प्रत्येकाला स्वतःची लागते. म्हणून वस्तूंचे प्रकार कमी ठेवा, पण प्रत्येक वस्तू भरपूर द्या. केंद्र सरकारने २०२३च्या फेब्रुवारीत ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आणला. त्यात खेळणी, कोडी, चित्रकार्डं, गोष्टींची पुस्तकं असं बरंच आहे. शिकवणाऱ्या बाईंच्या हाताशी तो छान. आजीच्या हाती एवढा पसारा दिला तर ती तो जपून कपाटावर ठेवील.

आता परसातलं. माडाच्या झावळीचा हीर काढून त्याचे बोटभर तुकडे करा, टोकं घासा. मोजायला याहून चांगलं काही नाही. दहापर्यंत नीट मोजता आलं तरी या वयाला पुष्कळ. घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या मापायला आणि ओतायला. चिंचोके, उकळून धुतलेले तिसऱ्यांचे शिंपले, शिंप्याकडच्या चिंध्या. सुताराकडे लाकडाचे उरलेले तुकडे मागा, पॉलिश पेपरने घासले की ठोकळे तयार. मातीकामाला मैदा-मिठाचा गोळा पावसाळ्यात देऊ नका, मीठ ओल धरतं आणि गोळा चिकट होतो. शेतातली चिकणमाती चाळून, मळून द्या.

दोन गोष्टी मात्र अजिबात नकोत. गुंजा दिसायला सुंदर, पण बी चावली गेली किंवा ओवण्यासाठी भोक पाडलं तर आतलं विष बाहेर येतं. आणि कच्च्या काजूबिया: सालीतलं तेल कातडीवर फोड आणतं. आपल्याकडे दोन्ही सहज मिळतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. तसंच घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोके, शिंपले बाद. त्या घरी फक्त मोठे ठोकळे, करवंट्या, कागद आणि खडू.

‘असलं फुकटचं दिलं तर लोकांना कमीपणा वाटेल,’ असं तुमच्यातल्या कोणी म्हटलंय. बोर्डीला १९४५मध्ये ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन गावातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी माँटेसरी साधनं बाजूला ठेवून भोवतालच्याच वस्तू वापरल्या. कमीपणा वस्तूमुळे येत नाही, वाटपाचे फोटो काढल्याने येतो. फोटो काढू नका.

सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात द्या. पुठ्ठ्याची खोकी जुलैपर्यंत फुगतात, कागदाला बुरशी धरते. दगडी पाटी परवडत असेल तर जरूर घ्या, तिला ओलीचं भय नाही. गोंद छोट्या बाटलीत, पुन्हा भरता येईल असा. घरी केलेली खळ दोन दिवसांत आंबते.

छापील सूचनापत्रक नको. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कोंकणी, कामासाठी आलेल्या काही कुटुंबांत कन्नड, आणि आजीला बऱ्याचदा वाचता येत नाही. तुमच्यापैकी कोणीतरी ओसरीवर बसून अर्धा तास मुलाबरोबर खेळा, आजी बघेल आणि तिच्या पद्धतीने पुढे नेईल. थोरल्या बहिणीला खडू-कागदाचा हिशेब ठेवायला सांगा. या मुली ते काम फार मनावर घेतात. (चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधताना मूल जवळ असेल तर फळं ओळखणं, रंग-आकार लावणं सगळं आपोआप होतं, त्याला आपला संच लागतच नाही.)

सगळे पैसे जूनमध्येच खर्चू नका. निम्मे राखून ठेवा, कारण खडू आणि कागद चतुर्थीच्या आतच संपतील आणि तोच संच चालल्याचा पुरावा. ज्या घरात काहीच संपलं नाही तिथे पुन्हा माल देण्याआधी जाऊन बसा. कोणत्या घरी काय चालेल हे अंगणवाडीच्या बाईंना तुमच्याहून जास्त ठाऊक असतं, तेव्हा यादी त्यांच्यासोबत करा.

किती घरांत तीन वर्षांखालचं भावंड आहे तेवढं कळवा, त्यावरून चिंचोक्यांचे आणि ठोकळ्यांचे डबे किती करायचे ते सांगतो.