जनरल कसं व्हायचं, असं विचारलंस म्हणून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

खडकवासल्याच्या एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, जॉइनिंग लेटर आल्याचं कळलं आणि देवळाली कॅम्पातल्या आमच्या घरी पेढे वाटले गेले. ‘काका, जनरल व्हायला काय करावं लागतं?’ हे तू फोनवर विचारलंस, ते मात्र निवांत लिहायचं म्हणून राखून ठेवलं.

आधी हिशेब समजून घे. कमिशन मिळाल्यापासून, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक झाल्यापासून, २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर, १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. परीक्षा दिल्या, काम चोख ठेवलं, की इथवर बहुतेक जण पोहोचतात. कर्नलपासून निवड मंडळ बसतं. मंडळासमोर फाइल जाते ती नाव झाकून. बोलतात ते वरिष्ठांनी तुझ्याबद्दल लिहिलेले गोपनीय अहवाल. पुढे दर पायरीला जागा कमी होत जातात. फार गुणी अधिकारीही मागे राहतात, आणि त्यात त्यांची खोट नसते. हे आत्ताच पक्कं समज, म्हणजे उद्या बॅचमेटला बढती मिळाली तर तुझं मन कडू होणार नाही.

म्हणून पहिली वर्षं जवानांत घालव. तोफखान्यात आलास तर यंग ऑफिसर्स कोर्सला इथेच, देवळालीला येशील. १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा ४३ किलोच्या आसपास भरतो. तो उचलायला स्वतः हात लाव. चार गोळ्यांत कंबर बोलायला लागते. मग रात्री फायरिंगचा हुकूम सोडताना आपण कुणाकडून काय मागतोय, याचं भान राहतं. सुभेदार साहेबांची उमर त्या तोफांपाशी गेलेली असते. त्यांच्याकडून शिकताना खांद्यावरचे तारे मध्ये आणू नकोस. जवानाचा रजेचा अर्ज आला, तर सही करण्याआधी घरी काय चाललंय ते विचार.

आपले जनरल अरुणकुमार वैद्य १९८३ साली लष्करप्रमुख झाले. पण त्यांचं पहिलं महावीरचक्र १९६५चं, डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटची कमान सांभाळताना मिळालेलं. रेजिमेंटची कमान हाच या नोकरीचा गाभा, असं माझं ठाम मत आहे. मेजर असताना तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजच्या परीक्षेला मनापासून बस, पण ती कमान पेलण्यासाठी.

आणि हो, पोहणं. येत नसेल तर जाण्याआधी शिकून घे. खडकवासल्याला पाण्याची भीती घालवत बसायला कुणाला सवड नसते.

तुझा,
काका