1990 ची माझदा मियाटा (दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार) रोज वापरून अधूनमधून ट्रॅकवर न्यायची आहे. टर्बो (इंजिनाची ताकद वाढवणारा भाग) आधी की ब्रेक?

आधी ब्रेक, मग कूलिंग आणि टायर. टर्बोचा विचार वर्षभर तरी बाजूला ठेवा. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट 4 हा फ्लुइडचा नेहमीचा प्रकार ताजा असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. मग तिसऱ्या-चौथ्या लॅपला फ्लुइडमध्ये वाफ धरते आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. माझ्या मियाटात नेमकं हेच झालं होतं. ब्लीड केलं, म्हणजे जुनं फ्लुइड बाहेर काढलं, तेव्हा बाटलीत कोऱ्या चहाच्या रंगाचं फ्लुइड आलं! म्हणून ट्रॅकला जाण्याआधी दरवेळी फ्लुइड बदला, खर्च फार नाही.

तुमच्या 1.6 लिटर इंजिनाच्या गाडीला पुढे 235 मिमीच्या डिस्क आहेत. 1994 पासूनच्या 1.8 लिटर गाडीच्या 255 मिमीच्या डिस्क, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आणि ब्रॅकेटसकट बसतात. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. त्यासोबत:

- रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी तपकिरी पडली असेल तर ती कधीही तडकेल, रेडिएटरच बदला.
- टायरच्या कडेवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचं रबर ट्रॅकवर नको.

फक्त निव्वळ ट्रॅकचे ब्रेक पॅड रोजच्या गाडीला लावू नका. थंड असताना ते नीट धरत नाहीत, म्हणजे सकाळी पहिल्याच सिग्नलला धोका. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठीचे मधले पॅड घ्या.